आठ माणसांचं आढं

डिप्लोमा करून ओव्हरसीयर झालो तेव्हा मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. आमचे ड्रॉइंगचे मास्तर सांगायचे, आधी कल्पना पक्की करा, आकार तिच्या मागून येतो. गाभारा अंधारा का, धर्मशाळेची ओसरी रुंद का, हे ते फळ्यावर काढून दाखवायचे. मला सगळं पाठ होतं. पाठ होतं, एवढंच.

साठ सालच्या पुढेमागे सातपुड्याच्या उतारावरची काही कुटुंबं पायथ्याशी आणून वसवायची ठरली. सरकारी नकाशात विटांच्या चौकोनी खोल्या होत्या. मी नाक मुरडलं. साहेबांना म्हणालो, त्यांचंच एखादं घर मोजतो आणि त्यावरून नमुना काढतो. साहेब 'काढा' म्हणाले.

मी जे घर मोजलं त्यात एक पावरा शेतकरी, त्याची बायको आणि दोन बैल राहायचे. बाजाराला येऊन-जाऊन त्याला अहिराणी येत होती आणि मी शहाद्याचा, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, आणि अख्ख्या घरात एक खिळा नाही. सगळं पळसाच्या मुळांच्या दोरांनी बांधलेलं. मी हरखून गेलो.

फक्त आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं आडवं लाकूड, मला आखूड वाटलं. लांब घेतलं असतं तर बैलांना ऐसपैस झालं नसतं का, असं मी विचारलं.

"आठ जण उचलतस तेवढंच आढं," तो म्हणाला. आत बायको हसली. एवढंही कळू नये, असं ते हसणं होतं.

मग त्याने समजावलं. घर उभं करायचं असलं की घरधनी हाक मारतो. हाक पोचते तेवढ्यात आठ घरं. प्रत्येकातून एक माणूस येतो, मजुरी घेत नाही, त्याच्याकडे जेवतो. याला ते लाह म्हणत. त्याचं ते आठ जणांचं वाक्य मी वहीच्या समासात लिहून घेतलं, गंमत म्हणून.

नमुना देखणा झाला. उतार तोच, कूड तोच, बैलांची जागा तीच. आढं मात्र मी चार फूट लांब घेतलं आणि दोरांच्या जागी लोखंडी बोल्ट दिले. घरं ठेकेदाराने बांधली. पाठ थोपटून घेऊन मी डोंगरावर गेलो. त्या शेतकऱ्याची बायको जुनं घर सोडायला तयार नव्हती. "हाई तुमनंच घर शे," मी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या शब्दावर त्याने जुनं घर सोडवलं, एकेक गाठ सोडून. हाकेवरची ती आठ घरं सरकारी यादीच्या क्रमाने तीन वस्त्यांत पांगली.

दुसऱ्या वर्षी चैत्रातल्या वाऱ्याने त्याच्या नव्या घराचं आढं कोसळलं. खाली एक बैल मेला. त्याने हाक मारली तेव्हा शेजारचे आले, अनोळखी असूनही आले. पण आढं हलेना आणि वाकलेले बोल्ट कुणाला सोडवता येईनात. मी पोचलो तेव्हा तो अंगणात बसला होता.

"साहेब, हाई घर पडनं. आते मी कोणले बलावू?"

मी त्याला अर्ज करायला सांगितलं. अर्ज मीच लिहिला, साहेबांपुढे मीच ठेवला. दुरुस्तीची तरतूद नाही, असं उत्तर आलं. ते घेऊन मी वस्तीवर गेलो तेव्हा दोघं उरलेला बैल विकून गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. ती परत आली नाहीत.

उभ्या राहिलेल्या कोपऱ्यात कुडाला जुन्या घराचे दोर टांगलेले होते, नीट वेटोळं करून. पुन्हा घर बांधायचं, या आशेने त्याने जपले असतील. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

ऑफिसात माझ्या नकाशाचं कौतुक चालूच राहिलं. घर पडलं ते वाऱ्यामुळे, असा शेरा पडला. पुढच्या वस्त्यांसाठी त्याचं ट्रेसिंग मीच काढलं, नोकरी होती म्हणून. खांब, कूड, उतार, बोल्ट, सगळं उतरवलं. समासातलं वाक्य उतरवायला ट्रेसिंगवर जागा नसते.