पूर्वेला शांती आहे?

इदवाल वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. तेवी नदीकाठच्या त्या गावात त्याचा हात लागला नाही असं मशीन नव्हतं, आणि त्याच्यावर हसलं नाही असं घर नव्हतं. कारण वर्षातून आठ वेळा तो पांढरा झगा घालून नदीकाठच्या राईत जायचा. तो ड्रुइड होता, झाडांना आणि ऋतूंना मानणाऱ्या जुन्या पंथाचा.

"माझ्या मशीनसाठी झाडाला नवस बोललास का रे?" बायका विचारायच्या.

"बोललो ना. झाड म्हणालं, नवऱ्याच्या खिशातली नाणी काढून मग कपडे टाकायला सांग."

तेस्नी साहित्याची पदवी घेऊन गावात परतली होती आणि बेकरीत काम करत होती. जुन्या कथांच्या ओढीने ती राईत गेली. तिथे तिला भेटले गेथिन खाटीक, दोन निवृत्त शिक्षिका, पावसात विझणारा विस्तव आणि इदवाल. कथा मागे पडल्या. इदवालशी मात्र मैत्री झाली.

एकदा तिने विचारलं, "तुमचा नक्की विश्वास कशावर आहे?"

त्याने विस्तवात एक काटकी सारली. मग म्हणाला, "डेलिथ गेली तेव्हा मी खुर्चीत बसलो, तो बसलोच. इथे कसं, वर्षातून आठदा बाहेर पडावंच लागतं. पाऊस असो, नसो. बाहेर पडलं की कुठलं झाड फुललंय ते दिसतं. कुणीतरी विचारतं, जेवलास का. एवढंच आहे बघ, पोरी."

"एवढंच?"

"आणि मनुकांचा पाव असतो."

डेलिथ म्हणजे त्याची बायको. तिची रक्षा अजून घरातच होती, खिडकीतल्या मातीच्या बरणीत. नदीवरच्या आल्डरच्या झाडाखाली, जिथे लहानपणी पोहायला शिकले तिथे मला ठेव, असं ती त्याला सांगून गेली होती. तिची थोरली बहीण ओल्वेन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची. तिला डेलिथ चॅपलच्या आवारात, आईच्या थडग्याशेजारी हवी होती. त्यावरून दोघांत बोलणं तुटलं. ओल्वेनचं मशीन बंद पडलं तेव्हा ती हाताने चादरी धूत राहिली, पण इदवालला बोलावलं नाही.

शरदात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या सणाला रक्षा ठेवायचं त्याने ठरवलं. तेस्नीला म्हणाला, "ओल्वेनला सांगून ये. ती येणार नाही. तरी सांग."

ओल्वेन आली. चॅपलचा काळा कोट, हातात पर्स, आणि चेहरा असा की विस्तव आपणहून विझावा. ती वर्तुळाच्या कडेला उभी राहिली. तिची नजर इदवालच्या झग्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"ही माझी चादर आहे," ती म्हणाली. "तुमच्या लग्नात दिलेली. डबल बेडची!"

"होय," इदवाल म्हणाला. "कापड चांगलं आहे."

गेथिनने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

विधीची सुरुवात नेहमी एका प्रश्नाने होते. आधी चारी दिशांना शांती आहे का ते विचारायचं. शांती नसेल तर पुढचं काही करायचं नाही. विचारणारा विचारतो, बाकीचे 'आहे' म्हणतात. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

इदवाल उत्तरेकडे वळला. "उत्तरेला शांती आहे?"

"आहे!"

"दक्षिणेला शांती आहे?"

"आहे!"

पश्चिमेलाही होती. मग तो पूर्वेकडे वळला. तिकडे झाडांमधून चॅपलचं दगडी छप्पर दिसत होतं. त्याच्या पलीकडे ओल्वेनचं घर.

"पूर्वेला शांती आहे?"

"नाही," ओल्वेन म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती गोंधळली. पर्स छातीशी धरून म्हणाली, "काय झालं? पूर्वेला मी राहते. मला विचारलं ना त्याने?"

"अहो, ते नुसतं विचारायचं असतं," गेथिन हळूच म्हणाला. "रीत आहे. चालू दे, इदवाल."

इदवालने हातातली काठी गवतावर ठेवली. "नुसतं विचारायचं असतं? मग मी इतकी वर्षं कुणाला विचारत होतो?" तो ओल्वेनकडे वळला. "नाही म्हणालीस. आता सुरुवात करता येणार नाही."

आणि तो ओल्या गवतावर बसला. चादरीसकट.

तेस्नी थक्क होऊन बघत राहिली. बरणी तिच्याच हातात होती. इतक्या दिवसांनी डेलिथला जागा मिळणार होती, आणि एका शब्दावर हा माणूस थांबला होता.

कुणाला काय करावं कळेना. शेवटी पाव कापला. ओल्वेनने उभ्यानेच तुकडा घेतला. चघळत म्हणाली, "कोरडा झालाय." थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "तिने मला का नाही सांगितलं? तुला सांगितलं. मी बहीण आहे तिची."

"तू नाही म्हणाली असतीस म्हणून."

"म्हणालेच असते!" तिचा आवाज फाटला. "तिला पोहायला मी शिकवलं त्या आल्डरखाली. मी! सांगितलं का तिने तुला हे?"

इदवालने मान हलवली. हे त्याला ठाऊक नव्हतं.

बरणी पुन्हा खिडकीत गेली. पण त्याच आठवड्यात इदवाल हत्यारांची पेटी घेऊन ओल्वेनच्या दारात उभा राहिला. मशीन सुरू झालं. मग दर रविवारी चॅपल सुटलं की तो तिच्याकडे चहाला जाऊ लागला. तो डेलिथच्या म्हातारपणाचं सांगायचा, ती बालपणाचं. बरणीचा विषय दोघंही काढत नसत. तो पुन्हा शरदातल्या सणालाच विचारणार, हे तिला माहीत होतं.

उन्हाळ्यात इदवालला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. ओल्वेन त्याला सूप भरवायची आणि रागवायची, "गिळ. झाडं नाही येणार भरवायला."

शरदातला सण आला. गेथिनने इदवालला चाकाच्या खुर्चीतून राईत आणलं. अंगात झगा होता. ओल्वेनने तो धुऊन इस्त्री केला होता. विचारायचं काम तेस्नीकडे आलं. उत्तर, दक्षिण, पश्चिम झालं. ती पूर्वेकडे वळली. तोंड उघडणार तोच ओल्वेन म्हणाली, "तू नको, बाळ. मला त्याने विचारलं होतं. त्यालाच विचारू दे."

"ओल्वेन, त्यांना जमणार नाही…"

"मला घाई नाही."

पाऊस सुरू झाला. कुणी हललं नाही. इदवालचं तोंड एका बाजूने हललं, थांबलं, पुन्हा हललं. लाळ हनुवटीवर आली. तेस्नीला वाटलं, धावत जावं, त्याच्या वतीने ते तीन शब्द बोलून टाकावेत. पण गेथिन टोपी काढून उभा होता, शिक्षिका एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि सगळे नुसते थांबले होते. एक माणूस आपलं वाक्य शोधत होता, आणि तेवढ्यासाठी ही सगळी माणसं पावसात भिजत होती. इथे काय मिळतं ते तेस्नीला त्या क्षणी कळलं. शब्दात सांगणं तिला नंतरही जमलं नाही.

"पू…" इदवाल म्हणाला. "पूर्वे… ला…"

पुढचं आलं नाही. त्याने डावा हात उचलला आणि ओल्वेनसमोर उघडा धरला.

ओल्वेनने चॅपलच्या छपराकडे पाहिलं. आई तिकडे होती. मग ती चालत आली आणि तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आहे," ती म्हणाली. "आईला मी सांगेन. आता ती चादर वर धर, मेल्या. चिखलात लोळतेय."

रक्षा तिनेच ठेवली, आल्डरच्या मुळाशी, बाह्या कोपरापर्यंत सारून. मग आईसाठी तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "पाव कुणी आणलाय? मागच्यासारखा कोरडा नाही ना?"