दळण सरतानाची ओवी

त्या दिवसांत माझे पाय सायकलीचे झाले होते आणि कंबर कुणाचीच नव्हती. पन्नास सालानंतरची गोष्ट. जात्यावरच्या ओव्या जमवून त्यांची सूची करायचं काम मी पत्करलं होतं. नालवाडीहून निघायचं आणि गाव दिसेल तिथं उतरायचं. टायर इतके झिजले की शेवटी मी नुसत्या हवेवर चालत होतो. बायको सोडून सगळ्यांना हे पटतं.

ओव्या गाडीभर जमल्या, पण दळण सरताना म्हणायची एकही नव्हती. नागपूरच्या संपादकांनी बजावलं होतं, "शेवट नसेल तर पुस्तक नाही." आणि बायका तर ती बसल्याबसल्या सांगेनात; दळण सरतं त्या घडीलाच म्हणायची. सुपात दाणा असताना ती म्हटली तर घरातलं धान्य आटतं म्हणे.

गिरडजवळच्या खेड्यात एका म्हातारीला ती येत होती.

"सांग ना माय."

"दळन सरू दे, मंग म्हनतो. माहा खांदा धरला हाय. बस तूच."

बसलो. बाप्या जात्यावर बसल्याची बातमी हिंगणघाटच्या कापडगिरणीच्या भोंग्याहून जोरात पसरली. शेजारीण सूप घेऊन हजर. "मास्तर, येवढी माही जवारी पन घ्या." तिच्यामागं दुसरी. सूप रिकामं व्हायला आलं की नवी भर पडायची. समुद्रपूरच्या चक्कीवाल्यानं त्या दिवशी धंदा बंद करायचं मनावर घेतलं होतं.

"माय, तुम्ही मला फसवता."

"फसवून नाई राह्यलो बाप्पा. दारी आलेला दाना वापस कसा धाडू?"

उन्हं उतरली तेव्हा दाणा संपला. म्हातारीनं ओवी म्हटली, पण माझ्या धापेपुढं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"पुन्हा म्हण ना माय."

"आता कशी म्हनू? दळन त सरलं. जवारी लागते."

शेजारीण पदरात तोंड घालून हसली. "आनू का मास्तर?"

"आण," मी म्हटलं. "पण मूठभरच आण बाई."

ती मूठ मला शेताएवढी वाटली. ती सरली तेव्हा म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली:

दाना नाई सुपामंदी, जातं झालं गपगार
भाऊ दळून दमला, त्याले वाढा भाकर चार

उजव्या हाताची बोटं जात्याच्या खुंट्याभोवती वळलेलीच राहिली होती, म्हणून डाव्या हातानं लिहून घेतली.

संपादक खूश झाले. "ओवी फार प्राचीन दिसते," म्हणाले. मी मान हलवली; हात हलत नव्हते.