वरच्या न्यायालयात वाचलेली जबानी

रंगनाथराव वकिलांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या खिडकीतून झाली. मी चौथीच्या मुलांकडून कविता म्हणून घेत होतो. ते एका खटल्यासाठी सोसायटीचे गोदाम बघायला आमच्या गावी आलेले. कविता संपेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिले. "मधेच तोडवेना, गुरुजी," म्हणाले. आज त्यांच्या पंचाहत्तरीला मला ते ऊन आठवते.

माझा धाकटा भाऊ दत्ता सोसायटीचा सचिव. दुष्काळात सोसायटीने जनावरांची छावणी चालवली होती. गोदामातला कडबा परस्पर विकला गेला आणि आळ दत्तावर आला. खालच्या न्यायालयाने त्याला तुरुंगवास सुनावला. मी खचलो. रंगनाथरावांनी मात्र त्याच दिवशी शिक्षेला स्थगिती घेतली, दत्ताला जामीन मिळवला आणि मुदतीत बीडला सत्र न्यायालयात अपील दाखल केले. "निकाल लागलाय गुरुजी, लढाई व्हायचीय अजून," एवढेच बोलले.

सुनावणीला निम्मे गाव अमीनभाईंच्या टेम्पोतून बीडला. इस्त्रीचे सदरे, फेटे; प्रत्येकाला साक्ष द्यायची होती! रंगनाथराव हसले. "बाबांनो, अपिलात सहसा नव्यानं साक्ष घेत नाहीत. खाली जे बोललात, तेच इथले न्यायाधीश पुन्हा तपासतात."

"मग आमी आलो कावून?" अमीनभाई चिडले. "सकाळधरनं दाढी करून बसलोय की!"

"ऐकायला. चला आत. पण तोंडं बंद."

मागच्या बाकांवर गाव दाटीवाटीने बसले. रंगनाथरावांनी सावकाश वाचायला घेतली ती अमीनभाईंचीच जबानी. ते सरकार पक्षाचे साक्षीदार. पण उलटतपासणीत सांगून गेले होते, की कडब्यासाठी टेम्पो सोसायटीच्या अध्यक्षांच्या माणसाने बोलावला, आणि गोदामाचे कुलूपही त्यानेच उघडले. खालच्या निकालात याचा उल्लेखच नव्हता.

"याचा विचार कुठे केलाय?" न्यायाधीशांनी विचारले. सरकारी वकील पाने उलटत राहिले.

अमीनभाई माझ्या कानाशी लागले. "गुरुजी, ह्ये मी बोलल्तो?"

"तुम्हीच."

"लई चांगलं बोलल्तो की!"

शिक्षा रद्द झाली. दत्ता निर्दोष सुटला. आम्ही हार आणला, तर रंगनाथराव म्हणाले, "दत्तोबा, आधी यंदाच्या छावणीवर जा. जनावरं तहानलेली असतील."

हरल्यावर पुन्हा उभे राहावे, असे मी आयुष्यभर कवितांतून शिकवले. उभे कसे राहतात, ते त्या दिवशी पाहिले.

रंगनाथरावांना उदंड आयुष्य लाभो, आवाज असाच खणखणीत राहो. आम्हां म्हाताऱ्यांना हल्ली कमी ऐकू येते, पण मागच्या बाकावर बसून त्यांचे वाचन अजून पुष्कळ ऐकायचे आहे.