निःपक्षपाती मास्तर

दोन्ही तळवे समोर धरायचे, तराजूच्या पारड्यांसारखे. आधी उजवा जरा खाली न्यायचा, मग डावा, मग दोन्ही एका रेषेत आणून म्हणायचं, "आपण बुवा निःपक्षपाती माणूस. आपल्याला हेही बरोबर, तेही बरोबर." एवढं झालं की हात एकमेकांवर चोळायचे आणि धोतराला पुसायचे. आमच्या शाळेतले तिसरीचे मास्तर हे इतक्यांदा करत की पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. त्यावरही मास्तर खूश असत. आपली नक्कल सगळ्याच जातींची पोरं करतात, हेही त्यांना निःपक्षपाती वाटे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नात दोन्हीकडच्या पंगतीला बसतात आणि मानपानावरून तंटा सुरू झाला की मांडवात कुठेही सापडत नाहीत. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि पुढं त्यानं माझं मत बदलण्याचं कारणही दिलं नाही.

मी चौथीला शिकवत होतो. स्कूलबोर्डाची आमची शाळा जुन्या नाशकात, नदीच्या अंगाला. तिसरी आणि चौथीच्या मध्ये फक्त बांबूचा तट्टा. त्यामुळं इच्छा असो वा नसो, मास्तरांचा प्रत्येक धडा माझ्या कानावर पडे.

एक मात्र सांगायला हवं. माणूस शिकवायचा फार छान. इतर मास्तर प्रांतांची नावं छडीच्या तालावर घोकून घेत. हा बाबा पिशवीतून कधी खानदेशी कापसाचं बोंड काढी, कधी सुरगाण्याकडच्या नागलीची कणसं, कधी रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेला दगडी कोळसा. पोरांनी डोळे मिटायचे, हाताला लागेल ती वस्तू ओळखायची. "हे पिकवलं कुणी? तिथं थंडी असते का? तिथली पोरं सकाळी काय खातात?" असे प्रश्न. कधी सगळा वर्ग आगगाडी होई. नाशिकरोडहून सुटलेली गाडी थेट कलकत्त्याला जाई, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर एक पोरगं तिथल्या फेरीवाल्याची आरोळी ठोकी. त्या वेळी माझ्या चौथीची त्रैराशिकं बंद पडत. सगळे कान तट्ट्याकडे. कापसात, कोळशात, आगगाडीत कुणाची भांडणं नव्हती, तोवर मास्तरांची जीभ कशी सुरेख चाले. देशात माणसं आली की ती अडखळे.

ते दिवस कायदेभंगाचे होते. एकदा शाळेसमोरून मिरवणूक चालली होती. घोषणा ऐकून तिसरीची पोरं खिडकीशी धावली.

"गुरुजी, हे लोक कोण?"

"काही मंडळी फिरायला निघालीत," मास्तर म्हणाले.

थोड्या वेळानं मागून पोलीस आले, हातात लाठ्या.

"आणि हे, गुरुजी?"

"तेही फिरायलाच निघालेत."

पुढच्या वळणावर काय झालं ते पोरांना घरी गेल्यावर कळलंच. एकाच्या काकाचं डोकं फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं गुरुजींना विचारलं, तेव्हा मास्तरांनी पिशवीतून नारळ काढला आणि कोकणाचा धडा सुरू केला.

इतिहासाचं तर विचारू नका. वर्गात मुसलमान पोरंही होती, म्हणून प्रतापगडची भेट मास्तरांनी अशी शिकवली: "एक राजा होते, एक सरदार होते. दोघेही थोर. दोघांची भेट ठरली. भेटीत जरा गैरसमज झाला." सत्तावन साली काय झालं? तेव्हाही गैरसमज झाला. पानिपतावर फारच मोठा गैरसमज झाला.

आठवड्याभरात बांगड्यांच्या दुकानाचे मालक कासमभाई शाळेत आले. त्यांचा मुलगा तिसरीत होता.

"मास्तरसाब, तो खान मेला की नाय?"

मास्तरांचे तळवे आपोआप पुढं आले. "त्याचं असं आहे कासमभाई, आपण निःपक्षपाती..."

"मेला तर मेला सांगा ना. त्यात आमचं काय जातं? का लढले, कोण चुकलं, तेबी सांगा. पोरगं घरी विचारतं, अब्बा, गैरसमज हे कोणतं हत्यार?"

मी तट्ट्याआड तोंडावर हात धरून हसलो. कासमभाई गेल्यावर मास्तर माझ्याकडे आले आणि समाधानानं म्हणाले, "पाहिलंत? मुसलमानांचीसुद्धा माझ्याबद्दल तक्रार नाही."

पण ज्या गोष्टीमुळं मला त्यांची किळस आली ती पुढची.

हिवाळ्यात शिक्षणखात्याच्या डेप्युटीसाहेबांकडून शाळेची तपासणी व्हायची होती. बोर्डाचे चेअरमनही येणार होते. मास्तरांनी ठरवलं, शाळेच्या अंगणात आख्खा देश मांडायचा. आणि मांडला. रोज शाळा सुटल्यावर हा माणूस एकटा उकिडवा बसून काम करी. चुन्यानं सीमा आखली, वीटभट्टीवरच्या तुकड्यांचा हिमालय केला, बोटांनी गोदावरी कोरली. त्र्यंबकाला तांब्यानं पाणी ओतलं की ते सरळ पूर्वेच्या किनाऱ्याला पोहोचे. चुन्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या. तपासणीच्या दिवशी एकेका पोरानं एकेका प्रांतात उभं राहायचं आणि तिथल्या भाषेत दोन वाक्यं बोलायची. गुजराती कापडवाल्याकडून, मद्रासी स्टेशनमास्तरांकडून मास्तरांनी ती वाक्यं मिळवली होती.

त्याच सुमारास पंचवटीत मंदिराच्या दाराशी अस्पृश्य मंडळींचा सत्याग्रह चालला होता. गावाचे दोन तुकडे पडले होते. बोर्डाच्या हुकुमामुळं महारवाड्यातली काही पोरं आमच्या शाळेत होती, पण ती बसायची बाहेर ओट्यावर. खिडकीतून येईल तेवढा देश ती शिकायची.

एका सकाळी पेठेतले दोन वजनदार पालक मास्तरांना भेटले. "आमची मुलं अनवाणी उभी राहणार त्या नकाशात. ओट्यावरचीही तिथंच उभी करणार की काय?"

"तुमचं बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी महारवाड्यातले एक म्हातारे गृहस्थ आले. "गुरुजी, आमच्या पोरांलाबी काम द्या. इन्सपेक्टरला दिसू द्या, तीबी शिकत्यात."

"तुमचंही बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते उजळलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आले. "सुटलं! ओट्यावरच्या मुलांना समुद्र करतो."

"म्हणजे?"

"सीमेच्या बाहेर गोल बसवायचं. हातात निळं कापड. ते हलवत राहायचं. समुद्राशिवाय देशाला किनारा कुठला? सर्वांत मोठं काम त्यांचंच. नकाशाला कुणाचा स्पर्श नाही आणि कुणाला वगळलंही नाही."

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्हाला शरम कशी वाटत नाही? आठ-आठ वर्षांची पोरं ती. देश दाखवायचा म्हणून बोलावता आणि देशाबाहेर बसवता?"

"तुम्ही एका बाजूनं पाहता," ते शांतपणे म्हणाले. "मला दोन्हीकडून पाहावं लागतं."

तपासणीचा दिवस आला. खुर्च्यांवर डेप्युटीसाहेब, चेअरमन, गावातली प्रतिष्ठित मंडळी. कुंपणाशी पालक. प्रांत आपापल्या जागी उभे राहिले, भोवती समुद्र हलू लागला. बंगाल बोलला, पंजाब बोलला, कासमभाईंच्या पोरानं काश्मीर झोकात सादर केला. साहेब मान डोलावत होते.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून एक बाई आत आली. ही किसनची आई. टांगेवाल्यांना गवत विकायची. मंदिराच्या दाराशी बसणाऱ्या बायांत ती होती, त्यामुळं पुष्कळजण तिला ओळखत. किसन समुद्रात होता, अरबी समुद्रात. ती सरळ मास्तरांसमोर उभी राहिली.

"गुरुजी, ह्याच्यात आपलं नाशिक कुठं हाय?"

मास्तरांना वाटलं, बाई कौतुकानं विचारतेय. त्यांनी काठीनं दाखवलं. "हे इथं. गोदावरीच्या उगमाजवळ."

"आमचं घर तर नाशकात हाय," ती म्हणाली. "मग माझं पोर पाण्यात कशापायी बसवलंय?"

कुणी हसलं नाही. तिनं किसनला दंडाला धरून उठवलं, त्याच्या हातातलं निळं कापड खाली टाकलं आणि त्याला चुन्याची रेघ ओलांडून नाशकात नेऊन उभं केलं. मुंबई इलाखा म्हणून उभा असलेला ब्राह्मणाचा पोर जरासा सरकला आणि त्यानं किसनला जागा दिली. एवढंच. पोरांना त्यात काही वाटलं नाही.

कुंपणाशी मात्र गलका उठला. "बाहेर काढा त्याला!" "का म्हणून?" "बाटवलं सगळं!" एक पालक आपलं पोर ओढून न्यायला पुढं झाला. डेप्युटीसाहेब छताकडं पाहावं तसे आभाळाकडं पाहू लागले. चेअरमन मास्तरांकडं पाहू लागले. सगळेच मास्तरांकडं पाहू लागले. त्या क्षणी त्यांनी काहीही म्हटलं असतं, "राहू दे त्याला" किंवा "जा बाळ, बाहेर हो", तरी मी त्यांना निदान माणूस म्हटलं असतं.

मास्तरांनी तळवे पुढं केले. उजवा खाली गेला, डावा खाली गेला. मग ते भिंतीशी गेले, शिपायाचा खराटा उचलला आणि झाडायला लागले. आधी नाशिक झाडलं, मग दख्खन, मग बंगाल. पोरांच्या पायांमधून खराटा फिरवला. विटांचा हिमालय लाथेनं पाडला. पोरं एकेक करून बाजूला झाली. चुन्याचा धुरळा उठला, त्यात आम्ही सगळे खोकत राहिलो. शेवटी अंगण पहिल्यासारखं साफ झालं, तेव्हा मास्तर धापा टाकत म्हणाले, "झालं. आता तंटा नाही. आता कुणालाच नाही."

किसनच्या आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं आपण रस्त्यात पडलेल्या माणसाकडं पाहतो. मग पोराला घेऊन ती निघून गेली.

डेप्युटीसाहेबांनी शेऱ्यात शाळेच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. पण त्यानंतर गावातल्या कुणीच मास्तरांना माफ केलं नाही. पेठेतले म्हणाले, बाईला हाकललं का नाही? महारवाड्यातले म्हणाले, पोराला उभं राहू का दिलं नाही? बोर्डाकडे दोन्हीकडून अर्ज गेले.

खरी शिक्षा मात्र तिसरीनं केली. तट्ट्यापलीकडं मी ऐकत होतो. मास्तर पिशवीतून वस्तू काढत, प्रश्न विचारत, आणि पोरं उत्तर देत नसत. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. आठ वर्षांची पोरं काय ठरवणार? त्यांचा त्या खेळावरचा विश्वास उडाला होता. एकदा मास्तरांनी स्वतःच गाडीची शिट्टी वाजवली. ती वाजून संपली, पण गाडीत कुणी चढलं नाही.

शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले. "मुलं बोलत का नाहीत हो?"

"त्यांनी तुम्हाला झाडताना पाहिलंय," मी म्हणालो.

"पण मी कुणाची बाजू घेतली नव्हती."

"तेच पाहिलं त्यांनी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी छत्री उचलून घरी गेलो.

उन्हाळ्यानंतर बोर्डानं त्यांची बदली पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर केली. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांच्या जागी एक तरुण मास्तर आले, छडीवाले. तिसरी पुन्हा प्रांत घोकू लागली.

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला पेठला जावं लागलं. मुक्कामाच्या ठिकाणी लाकडं घेऊन आलेला कोकणा जमातीचा एक शेतकरी त्याच पाड्यावरचा निघाला. मी मास्तरांची चौकशी केली.

"मास्तर गेला," तो म्हणाला. "तापानं. पावसात."

कसा होता, मी विचारलं.

"पोरांना गोष्टी चांगल्या सांगं." मग म्हणाला, "एकदा जंगलातला साहेब आम्हाला बिगारीला धरून न्यायला आला. आम्ही मास्तरला म्हटलं, तू शिकलेला, दोन शब्द बोल. त्या दिवशी मास्तरचं पोट दुखत होतं."

मला हसू आलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तो हसला नाही. लाकडं रचत राहिला. नंतर म्हणाला, ताप चढला तेव्हा पाड्यावरच्या लोकांनीच मास्तरांना डोलीत घालून घाट उतरवायला घेतलं होतं. नदीला पूर, वाट निसरडी, खांदे बदलत चालले होते. घाटाच्या निम्म्यावर मास्तर गेले, तरी त्यांनी डोली खाली ठेवली नाही. पेठपर्यंत आणली.

"एवढ्या पावसात?" मी म्हणालो. "त्यानं तुमच्यासाठी काय केलं होतं?"

त्यानं माझ्याकडं नवलानं पाहिलं. मग शेवटचं लाकूड ठेवलं आणि हात झटकले.

"मास्तर भारी नव्हता, साहेब," तो म्हणाला. "अगदीच हलका व्हता."