त्यांच्या मठाला सहा कॉलम

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे आमच्या पेपरचं ऑफिस आहे. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारी मैत्रीण परदेशाचं पान सांभाळते, मी ठाणे-डोंबिवलीचं. डबा आम्ही एकत्रच खातो, तिची भेंडी मला आवडते. पण त्या आठवड्यात मी तिच्यावर अशी जळत होते की घास उतरेना.

डोंबिवलीत आमच्या वस्तीतलं बुद्धविहार रस्त्याच्या कामात जाणार होतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, केमिकल कंपनीतली ड्युटी सांभाळून सुट्टीच्या दिवशी विटा वाहून ते उभं केलेलं. मंगळवारी सुनावणी होती. त्याआधी पेपरात चार नीट ओळी याव्यात, एवढंच त्यांचं मागणं. घरचीच पोरगी पेपरात, मग काय अडचण!

मी बातमी लिहायला घेतली त्याच दिवशी तिच्याकडे चीनमधल्या एका बौद्ध मठाची बातमी आली. मठाचा काही भाग पाडलेला, आणि तिथलं सरकार म्हणत होतं की हे नूतनीकरण आहे. तिने लिहिलं, 'नूतनीकरण असल्याचा चीन सरकारचा दावा'. माझ्याकडे आलेल्या बांधकाम खात्याच्या प्रेसनोटमध्ये विहाराला 'बाधित बांधकाम' म्हटलेलं. मीही लिहिलं, 'खात्याचा दावा'. न्यूज एडिटरनी ते काढून 'खात्याने स्पष्ट केले' असं केलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, आपलं खातं म्हणजे काय चीन आहे का?

शनिवारी तिच्या पानावर सहा कॉलम, 'श्रद्धेवर बुलडोझर', वर भिक्खूंचा मोठा फोटो. माझ्या पानावर खाली कोपऱ्यात 'रस्त्यातील अडथळा दूर होणार'. ऑफिसात जो तो हळवा होऊन तिची पाठ थोपटत होता. हीच माणसं चीनमधल्या उइगुर मुसलमानांच्या छळाची बातमी आली की पाकिस्तानला टोमणा कुठे मारता येईल ते शोधतात. तिथल्या पाडलेल्या मशिदींसाठी कुणी उसासा टाकलेला मी ऐकला नाही. मठ लांबचा होता आणि पाडणारा चीन होता, त्यामुळे रडायला काही किंमत पडत नव्हती.

त्या भिक्खूंचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. आपलीच माणसं ती. तरी मला तिचा मत्सर वाटला, आणि खरं सांगते, त्या मठाचाही वाटला.

विहारात दर रविवारी वंदना झाली की अण्णा फळ्यावर पेपरातली कात्रणं लावतात. माझ्या नावाने छापून आलेलं काहीही त्यांनी सोडलेलं नाही, अगदी बाळकुमच्या तुंबलेल्या गटाराची बातमीसुद्धा. त्या रविवारी फळ्यावर माझं काहीच नव्हतं. तिचे सहा कॉलम फळाभर पसरलेले आणि वस्तीतल्या बायका एकमेकींना ते वाचून दाखवत होत्या.

अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"काय लिहिलंय पोरीने," ते म्हणाले. "तिला म्हणावं, एकदा आमच्या विहारावरही लिही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याच बापाने माझ्याच हाती तिला निरोप द्यावा! पण मंगळवारची सुनावणी तोंडावर आलेली. सोमवारी डबा उघडताना मी मुकाट्याने तो निरोप तिला दिला.

तिचा हात डब्यावरच थांबला. तिला खरंच वाईट वाटलेलं, तेवढं मला दिसलं.

"अगं, लिहिलं असतं गं," ती म्हणाली. "पण डोंबिवली माझ्या पानावर येत नाही ना."