जीप ओढ्यापलीकडे

फेब्रुवारी २००१, मंगळवार, सकाळ. दापोली तालुक्यातली कातकरवाडी. हजर: तक्रार करणारी ती, तिची नणंद, ठाण्यातले फौजदार, एक हवालदार, शेजारच्या गावातून आणलेले दोन पंच आणि मी, महिला मंडळाची कार्यवाह. गैरहजर: वाडीतले सगळे पुरुष.

चुली धुमसत होत्या, एका दारात अर्धी विणलेली टोपली पडली होती. जीपचा आवाज ओढ्यापलीकडून आला तेव्हाच पुरुष रानात पळाले होते. कुठे नारळ चोरीला गेला, कोंबडी गेली, की जीप आधी इथेच येते, हे वाडीतलं लहान पोरही जाणतं.

आदल्या दिवशी आंब्याच्या बागेच्या ठेकेदाराने तिला कुंपणाजवळ अडवलं होतं. ती वाळक्या फाट्या वेचत होती. त्याने तिचा हात धरला, साडी फाडली, ती ओरडली तशी काठीने मारलं. नवऱ्याने धावत येऊन तिला सोडवलं. पाहणारा तो एकटाच. पण ठेकेदार आमच्या आधी ठाण्यात पोचला होता. त्याने नवऱ्याविरुद्ध लाकूडचोरीचा अर्ज दिला होता, आणि तो अर्ज फौजदारांच्या फायलीत होता.

हवालदार टोपलीला पाय लावत म्हणाला, "बघा ताई, तुमचा साक्षीदार. उद्या कोळशाच्या भट्टीवर निघून जाईल, आणि तुम्ही बसा कोर्टात."

"टोपलीवरचा पाय काढा आधी," मी म्हटलं.

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. "नवरा नसेल तर पंचनामा उरकतो आणि निघतो."

नवऱ्याच्या जबाबाशिवाय उरणार होता तिचा एकटीचा शब्द. अशा एकट्या शब्दाचं कोर्टात काय होतं, ते मी आधी दोनदा पाहिलं होतं.

मी तिला म्हटलं, "हाक मार त्याला."

ती हलली नाही. फौजदारांकडे बघत तिने विचारलं, "सायब, साक्षीला आलेला मानूस घरी परत येल ना?"

फौजदारांनी फाईल उघडली. नणंद फिस्कारली, "हाक मारू नको गो! माज्या भावाला आत टाकतील."

मी फौजदारांना म्हटलं, "आज फक्त जबाब. चोरीच्या अर्जाचं उद्या, ठाण्यात. त्याला घेऊन मी येते. हे पंचांसमोर बोला."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "बरं. आज जबाबच. पण जीप इथेच थांबेल."

"जीप ओढ्यापलीकडं न्या," ती म्हणाली. "ती दिसली तर तो येनार नाय."

हवालदार हसला. "आता ही सांगणार जीप कुठं लावायची!"

पण जीप गेली. मग ती टेकडीच्या कडेला उभी राहिली आणि ओरडली, "ये रं! गाडी मीच आनलीय! आपल्यासाठी आलीय!"

काहीच हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली, आवाज फाटेपर्यंत. करवंदीच्या जाळीतून तो एकटाच उतरला, कोयता मागे ठेवून, रिकामे हात पुढे धरून. सांगायचं ते सगळं त्याने जबाबात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी घरी परत पोचवलं.

पंचनाम्यात तिची निळी साडी जप्त झाली, खांद्याशी फाटलेली. आदल्या शिमग्याला घेतलेली, तिची एकुलती बरी साडी.

खटला काही वर्षं चालला. दोन्ही पंच उलटले. नवरा भट्टीवरून प्रत्येक तारखेला आला आणि तेच बोलला. ठेकेदार सुटला.

निकाल मी वाडीत जाऊन सांगितला. ती चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग माजी साडी तरी देतील ना?"

मुद्देमाल परत मिळावा म्हणून अर्ज केला आहे. ठाणं म्हणतं कोर्टात विचारा, कोर्ट म्हणतं ठाण्यात. साडी आणायची राहिली आहे.