टाकीबाहेरचा माणूस

ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. वाशीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायचे. जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याने आमच्याकडे एक कामगार पाठवला. याला परत कामावर घ्यावं का, एवढंच त्यांना हवं होतं.

झालं होतं असं. त्याचा साथीदार टाकीत उतरून ती आतून साफ करत होता. टाकीत हवा सोडणारा पंखा चालू ठेवायचा आणि आतल्या माणसाची दोरी धरून बाहेर उभं राहायचं, हे याचं काम. पंखा बंद पडला, दोरी सुटली, आणि हा बाजूला बसून डबा खाताना सापडला. इतरांनी साथीदाराला ओढून बाहेर काढलं म्हणून तो वाचला. "पंखा बंद झालेला मला कळलंच नाही," असं याचं म्हणणं होतं. पंख्याचं बटण दाबताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

तिशीतला, देखणा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. आल्या आल्या त्याने माझ्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी घातली. "आता लिहा मॅडम आरामात." प्रश्नावलीची उत्तरं, शाईच्या डागांत दिसलेली चित्रं, कुठेच काही खुपणारं सापडलं नाही. साथीदाराबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याच सुरात त्याने विचारलं, "चहा मिळेल का?"

आमच्या डॉक्टरांकडे परदेशातून आलेली एक मोजपट्टी होती. गोड बोलून गुंडाळणं, सहज खोटं बोलणं, पस्तावा नसणं, अशी लक्षणं; प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण.

"नुसत्या मुलाखतीवर गुण द्यायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "असा माणूस मुलाखतीतच जिंकतो. समाजविघातक व्यक्तिमत्त्व म्हणायचं असेल तर पंधराव्या वर्षाच्या आतलं वागणंही तसंच असायला हवं. त्याला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी शोध."

मी त्यालाच विचारलं. "बेलापूरजवळ दिवाळे गावात माझी मोठी बहीण आहे," तो हसून म्हणाला. "बिनधास्त जा. तिनेच तर वाढवलं मला."

दिवाळ्याला पोचले तेव्हा त्याची बहीण अंगणात जवळा वाळत घालत होती. कारखान्याचं नाव काढताच तिने हात पदराला पुसले आणि मला आत नेलं. आधी गल्लीत डोकावून पाहिलं, मग बोलली.

"बाबा होडीत झोपला व्हता. यानं दोरी सोडली. दहा वर्सांचा असंल. होडी भरतीबरोबर वाहात गेली, आन् हा काठावर बसून बघत व्हता. गावानं बाबाला आनला तवा सगल्यांत मोठ्यानं हाच रडला."

"का सोडली, विचारलंत?"

"इचारलं. बोलला, बघायचं व्हतं कवा जाग येते."

मग शाळेतल्या मुलाचा मोडलेला हात, शेजारणीच्या अंगावर ओतलेलं उकळतं पाणी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणावर आलेलं बालंट. ती सांगत होती आणि दारात सावली पडली.

"मॅडम, तुम्ही इथे? ताईनं चहा दिला की नाही?"

तो उंबऱ्यावरच उभा राहिला. दुसरं दार नव्हतं. मी वही मिटली.

"काय सांगत होती माझं?"

"लहानपनचं," बहीण म्हणाली. "किती लाडाचा व्हतास ते."

"स्कूटरवर सोडतो तुम्हाला मॅडम. इकडे बसची काही खात्री नाही."

मी काही बोलायच्या आत बहिणीने माशांची पाटी उचलून डोक्यावर घेतली. "मॅडम माज्यासंगती येतान बेलापूरला. बाजू हो." आणि ती सरळ त्याच्या अंगावर चालत गेली. तो क्षणभर हलला नाही. मग हसत बाजूला झाला. बसस्टॉपपर्यंत ती माझ्या मागून चालली, माझ्या आणि त्याच्या मध्ये.

दुसऱ्या दिवशी मी दिलेले गुण डॉक्टरांनी पाहिले. माझ्या नोंदी वाचून त्यांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण माझ्यापेक्षा कमी होते.

"यात तो किती आणि तुझी भीती किती?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकेक लक्षण पुन्हा घेतलं. उंबऱ्यावरचं त्याचं उभं राहणं मी बाजूला ठेवलं. तो गुन्हा नव्हता. तरी आकडा फारसा उतरला नाही, कारण बहिणीने सांगितलेलं खाली ढकलता येत नव्हतं. पण ते अहवालात आलं तर कुणी सांगितलं हे त्याला लगेच कळणार होतं, आणि ते वगळलं तर निदानाला आधार उरत नव्हता.

"तिला न विचारता लिहायचं नाही," डॉक्टर म्हणाले. मला पुन्हा दिवाळ्याला जायचा धीर होईना. आठवडाभर अहवाल तसाच पडून राहिला.

आणि एका सकाळी मासे विकून ती स्वतःच दवाखान्यात आली. बाकावर न बसता उभ्यानेच बोलली.

"लिवलं का तुमी?"

"तुम्हाला त्रास होईल, ताई."

"मी आजवर गप ऱ्हायले, म्हनून तो मानूस टाकीत मरत व्हता. लिवा. बहिनीनं सांगितलं म्हनून लिवा."

अहवाल गेला. कारखान्याने त्याला परत घेतलं नाही. नंतर तो एकदाच आला, दुपारी, दवाखाना रिकामा असताना.

"किती मार्क मिळाले मला?" त्याने विचारलं. आवाज अगदी मऊ.

"ते सांगत नाही आम्ही."

"चांगले असतील. मी नेहमीच पास होतो." तो खुर्ची ओढून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. पलीकडच्या खोलीतून डॉक्टर आले आणि माझ्या शेजारी बसले. मग तो उठला, डॉक्टरांशी हस्तांदोलन करून निघून गेला.

पुढे पावसाळा संपल्यावर तो गुजरातेत कामाला गेल्याचं कळलं. तिथल्या कारखान्याला कळवावं का, यावर आम्ही पुष्कळ बोललो. पण कुठला कारखाना हेच कुणाला माहीत नव्हतं. बहीण अधूनमधून वाशीच्या बाजारात भेटायची. त्याचा विषय मी काढत नसे. एकदा तिनेच सांगितलं, की तो गेल्यापासून ती दार उघडं टाकून दुपारी झोपते.